दाणा, डाय आणि दाखला

समाजमाध्यमांवर मुसलमानाला हिणवायचे असले की एक शब्द ठरलेला असतो, 'पंक्चरवाला'. वाद कशावरही चालू असो, मुद्दे संपले की हा शब्द येतो. मला त्याचा राग येतो, पण त्याहून अधिक कुतूहल वाटते. कारण रबर आणि प्लास्टिकच्या धंद्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की या उद्योगाचा पायाच अशा हाताने शिकलेल्या, पदवी नसलेल्या माणसांनी घातला आहे. मग त्याच उद्योगाच्या प्रयोगशाळेत, डाय-रूममध्ये, बऱ्या पगाराच्या जागांवर आमची मुले मला क्वचितच का दिसतात?

आधी काम काय आहे ते पाहू. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, भोकाभोवतीची जागा घासून खरखरीत करायची, सोल्युशन लावायचे आणि ते सुकेपर्यंत थांबायचे. नवा पोरगा घाई करतो, ओल्यावरच पॅच दाबतो आणि गिऱ्हाईक थोड्या वेळात ढकलत ढकलत परत येते. ट्रकच्या ट्यूबला कच्च्या रबराचा तुकडा लावून तो गरम साच्यात दाबून धरतात. तेवढ्या मिनिटांत कच्चे रबर पक्के होते, म्हणजे त्यातला गंधक रबराच्या लांबच लांब रेणूंना एकमेकांशी बांधून टाकतो. टायरच्या कारखान्यातल्या प्रचंड प्रेसमध्ये घडते ती हीच क्रिया. जुन्या टायरवर नवा पट्टा चढवणारा रिमोल्डवालाही तेच करतो.

ही क्रिया सापडली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला. तो रसायनशास्त्रज्ञ नव्हता. हार्डवेअरच्या धंद्यात दिवाळे निघालेला आणि कर्जापायी तुरुंगात जाऊन आलेला माणूस होता. त्या काळी रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचे आणि थंडीत तडकायचे. गुडइयर घरच्या चुलीवर नाना पदार्थ मिसळून पाहत राहिला. १८३९मध्ये गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले, आणि वितळण्याऐवजी ते चामड्यासारखे झाले. १८४४मध्ये पेटंट मिळाले, पण १८६०मध्ये तो वारला तेव्हाही डोक्यावर कर्जच होते. ज्या टायर कंपनीला त्याचे नाव आहे, ती निघाली १८९८मध्ये, आणि तिचा त्याच्याशी नावापलीकडे काही संबंध नव्हता.

प्लास्टिकची गोष्टही अशीच आहे. अल्बानी गावचा जॉन वेस्ली हायेट हा व्यवसायाने छापखान्यातला कामगार. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत, आणि हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला एका कंपनीने दहा हजार डॉलरचे इनाम लावले होते. त्या नादात हायेटने सेल्युलॉइड बनवले आणि १८७२मध्ये भावाच्या साथीने ते दाबून साच्यात भरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आज मुंबईच्या गाळ्यागाळ्यांत खडखडणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनची ही आजी.

प्रयोगशाळा आली ती नंतर. १९०७मध्ये बेकेलाइट बनवणारा लिओ बेकलंड मात्र रीतसर शिकलेला रसायनशास्त्रज्ञ होता. आणि हे पदार्थ म्हणजे साखळीसारखे जोडलेले लांब रेणू असतात, हे हरमान स्टॉडिंगरने १९२०मध्ये मांडले, तेव्हा त्याच्याच क्षेत्रातले मोठे लोक ते मानायला तयार नव्हते. नोबेल त्याला मिळाले १९५३मध्ये. म्हणजे रबर पक्के करण्याचे काम माणसे ऐंशी वर्षे करत होती, टायर बनत होते, गाड्या धावत होत्या, आणि ते का होते हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. हात पुढे होता, पुस्तक मागून आले.

आपल्याकडे तंत्रशिक्षण आले ते मोठ्या मालकांच्या गरजेने. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७मध्ये भायखळ्यात निघाली, तेव्हा शहराला कापड गिरण्यांसाठी माणसे हवी होती. मुसलमान समाजातही हा विचार झाला नव्हता असे नाही. अंजुमन-ए-इस्लामने १९३६मध्ये भायखळ्यातच साबू सिद्दीक तांत्रिक संस्था उभी केली. हाजी साबू सिद्दीक यांचे नाव आपल्याला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यामुळे अधिक ठाऊक असते, पण माझ्या मते त्यांच्या नावाची खरी ठेव ही संस्था आहे. योगायोग असा की त्याच १९३६ साली डनलॉपचा टायर कारखाना हुगळीकाठी साहागंजला सुरू झाला. असे मोठे कारखाने आपली माणसे आपणच शिकवून घेत. स्वातंत्र्यानंतर १९५०मध्ये आयटीआयची योजना आली, १९६१मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. दोन्ही चांगल्याच गोष्टी. पण त्यांच्या दारातून आत जायला शाळेचा दाखला लागत होता, आणि पुढे उमेदवारी मिळायची ती रजिस्टर ठेवणाऱ्या आस्थापनेत. आठ माणसांच्या गाळ्यात रजिस्टर कुठले?

आणि प्लास्टिक वाढले ते नेमके गाळ्यांत. १९५७मध्ये पॉलिकेमने मुंबईत पॉलिस्टायरीन बनवायला सुरुवात केली, १९५९मध्ये बंगालमधल्या रिषडा येथे पॉलिथिन बनू लागले. १९६८मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नाफ्ता क्रॅकर चालू झाला. दाणा हाताशी आला. हाताने दांडा ओढायचे छोटे मशीन आणि एक डाय एवढ्यावर माणूस कारखानदार होई. कंगवे, बटणे, मग, खेळणी, बांगड्या.

हीच कामे पूर्वी कुणाच्या हातात होती ते पाहा. संभलचे कारागीर शिंगाचे कंगवे घडवत. आपल्या मण्यारांनी लाखेच्या आणि काचेच्या बांगड्या पिढ्यान् पिढ्या गावोगाव नेल्या. प्लास्टिकने यांतल्या कित्येकांचा माल स्वस्ताईने मारला. मग त्यांतल्या कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा त्याच प्लास्टिकच्या मशीनवर हेल्पर म्हणून उभा राहिला. याची नोंद कुठल्या अहवालात सापडणार नाही, पण आमच्या बहुतेक मोहल्ल्यांत असे एखादे घर सापडते.

त्याच १९६८ साली मद्रासला केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने प्लास्टिकची एक संस्था काढली. तिला आज सगळे 'सिपेट' म्हणतात. तिथे साच्याचे आरेखन, टूल-रूम, चाचण्या, यंत्रे सगळे शिकवायचे होते, आणि ते उत्तम शिकवलेही गेले. एकाच साली दाण्याचा मोठा कारखाना आणि दाण्याची शाळा. फक्त शाळेची बातमी गाळ्यापर्यंत पोहोचली नाही.

गाळ्याची शाळा वेगळी होती. धारावीच्या तेरा कंपाऊंडमध्ये भंगार निवडणाऱ्या एका पोऱ्याच्या शेजारी मी एकदा तासभर बसलो होतो. तुकडा हातात घ्यायचा, वाकवायचा, फरशीवर टाकून आवाज ऐकायचा आणि पिंपात भिरकवायचा. शंका आली तर पाणी. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगते, पीव्हीसी बुडते. तरीही शंका राहिली तर लायटर. मेणबत्तीसारखा वास आणि थेंब गळू लागले तर पॉलिथिन, काजळीचा काळा धूर निघाला तर पॉलिस्टायरीन, केस जळाल्यासारखा वास आला तर नायलॉन, नाकाला झोंबले तर पीव्हीसी. डिप्लोमाच्या पुस्तकात हीच चाचणी तक्त्यासह छापलेली असते. पोऱ्याला ती तोंडपाठ होती. पीव्हीसीच्या त्या झोंबणाऱ्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते फुप्फुसाला काय करते, एवढे मात्र त्याला कुणी सांगितले नव्हते.

उस्तादाकडचे ज्ञानही असेच. नायलॉनचा दाणा सुकवल्याशिवाय मशीनमध्ये घालू नकोस, मालावर चंदेरी रेघा येतील, हे उस्ताद पहिल्याच आठवड्यात सांगतो. नायलॉन हवेतला ओलावा शोषतो आणि तो ओलावा तापल्यावर वाफ होतो, हे सांगत नाही, कारण त्यालाही ते कुणी सांगितलेले नसते. एका डायमध्ये पॉलिस्टायरीनचे झाकण नीट बसते आणि पॉलिप्रॉपिलिनचे मापात बसत नाही, हेही त्याला दिसते. थंड होताना एक आकसते जेमतेम अर्धा टक्का, दुसरे एक ते दोन टक्के. डाय बनवणारा हा हिशेब आधी करून लोखंड कापतो. म्हणूनच मशीन चालवणारा आणि डाय घडवणारा यांच्या पगारात इतके अंतर असते. एका डायची किंमत लाखांत जाते, आणि ती चुकली तर लाखांचे नुकसान.

उस्ताद-शागिर्द परंपरेबद्दल आपल्याकडे गहिवरून लिहायची सवय आहे. मला ती परवडत नाही. या परंपरेने पोटाला लावले, हे खरे. पण रबराच्या मिक्सिंगचा नुस्खा, म्हणजे गंधक किती, झिंक ऑक्साइड किती, काजळी किती, हा उस्तादाच्या खिशातल्या डायरीत राही आणि कधी कधी डायरीसकट कबरीत जाई. शागिर्दाला मशीन मिळे, ड्रॉइंग वाचायला कुणी शिकवत नसे. वीस वर्षे काम केलेला माणूस दुसऱ्या गावी गेला की पुन्हा हेल्पर.

सच्चर समितीचा २००६चा अहवाल आपण बहुतेक वेळा साक्षरतेच्या आकड्यासाठी उघडतो. मुसलमानांमध्ये ५९.१ टक्के, देशात ६४.८. माझे लक्ष दुसऱ्याच ठिकाणी थांबते. काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के स्वतःच्या छोट्या धंद्यात होते, हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्के. म्हणजे हुनर होते, कष्ट होते, आस्थापना नव्हती. समितीने एक साधी शिफारस केली होती, की आयटीआयच्या प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणावी आणि मदरशात शिकलेल्या मुलांनाही तिथे प्रवेश मिळावा. आरक्षणाच्या गदारोळात या शिफारशीवर आपणही फारसे बोललो नाही.

हुनराला कागद नसला की काय होते, ते २०१८मध्ये दिसले. महाराष्ट्रात मार्चमध्ये प्लास्टिकबंदी आली. पिशव्या बनवणारे गाळे बंद पडले. बंदी योग्य होती असेच माझे मत आहे, तुंबलेले नाले मी पाहिले आहेत. पण ज्याला डाय आणि ड्रॉइंग येत होते तो गाडीच्या सुट्या भागांकडे, औषधांच्या झाकणांकडे वळू शकला. ज्याला फक्त पिशवीचे मशीन येत होते तो रिक्षाकडे वळला. आता उलट वारे आहे. २०२२च्या नियमदुरुस्तीत कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६पासून ३० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक घालण्याचे ठरले. मोठ्या कंपन्यांना निवडलेला, तपासलेला दाणा लागणार. दाणा तपासून सही करणारा माणूस मात्र त्यांना प्रमाणपत्रवालाच हवा असेल.

२०१५पासूनच्या कौशल्य विकास योजनेत आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. रबर क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने टायर फिटरपासून रबराचा चीक काढणाऱ्या टॅपरपर्यंत कामांची मानके ठरवली. आमच्या दोडामार्गात केरळी बागाईतदारांनी रबर लावले आहे, तिथल्या पोरांनाही हे उपयोगी आहे. पण या प्रमाणपत्राकडून फार अपेक्षा धरू नये. ते येते त्याची पावती देते, येत नाही ते शिकवत नाही.

शिकायचे असेल तर सिपेटचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, चंद्रपूरलाही आहे. दहावीनंतर तीन वर्षांचे दोन डिप्लोमा आहेत, एक प्लास्टिक तंत्रज्ञानाचा आणि दुसरा साच्यांचा. गाळ्यात वाढलेल्या मुलाने साच्यांचा घ्यावा असे मी सांगतो, कारण मशीन तर त्याने पाहिलेलेच असते. बीएस्सी झालेल्या मुलींसाठी पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आणि चाचणी प्रयोगशाळेतले काम घरच्यांनाही पटते, असा माझा अनुभव आहे. दहावी सुटली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा उर्दूतूनही देता येते, मराठीतूनही. अर्ज भरताना अडचण येते ती वेगळीच. आधार कार्डावर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि मदरशाच्या सनदेवर तिसरे. प्रवेशाची तारीख निघण्याच्या दोन महिने आधी हे तीन कागद एकमेकांसमोर ठेवून पाहावेत.