चकाकीशी वैर कशाला?

जव्हार-मोखाड्यातल्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवातल्या मुखवट्यांची त्रिमितीय नोंद करायची म्हटलं, की जाणकार सांगतात : कॅमेऱ्याला चकाकी चालत नाही, आधी पांढरी पूड फवारा, मग फोटो काढा. यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. दुसरं मला मुळीच मान्य नाही.

अनेक फोटोंवरून आकार काढताना एकच ठिपका वेगवेगळ्या फोटोंत ओळखावा लागतो. ऑइलपेंटने रंगवलेल्या रावणाच्या गालावर चमकणारा ठिपका गालाचा नसतोच, दिव्याचा असतो. कॅमेरा सरकला की तोही सरकतो आणि गालावर नसलेले खड्डे उमटतात. काच तर आणखी अवघड. तिच्यातून मागचंच दिसतं, तेही वाकून.

एवढं कबूल. पण भांड्यांच्या दुकानात हंडा घेणारी बाई तो ट्यूबलाइटखाली फिरवून बघते. प्रतिबिंबाची रेघ जिथे मोडते, तिथे पोचा. पृष्ठभाग एक अंश कलला तर परावर्तित किरण दोन अंश वळतो. म्हणजे चकाकी उताराची खबर दुपटीने देते. संगणक-दृष्टीचे संशोधक कात्सुशी इकेउची यांनी १९८१ साली चकचकीत पृष्ठभागांचा कल प्रकाशावरूनच काढून दाखवला. पट्ट्यांचं प्रतिबिंब मोजून मोटारींचे रंगवलेले पत्रे तपासतात, तेही याच तत्त्वावर. पूड मारली की नेमकी हीच खूण पुसली जाते.

शिवाय पुडीला स्वतःची जाडी असते, आणि कागदाच्या लगद्याच्या मुखवट्यांच्या भेगांत ती अडकून बसते. उडून जाणारा फवारा मिळतो, असं कुणी म्हणेल. त्यातला द्रावक जुन्या रंगाचं काय करील, याची हमी कोण देणार? आणि ज्या मुखवट्याची पूजा होते, त्याच्या तोंडावर फवारा मारायचा?

उपाय साधा आहे. दिव्यापुढे एक पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश पुढे सोडणारी गाळणी, आणि भिंगापुढे दुसरा, पहिल्याला आडवा धरा. चकाकी अडते, अंगचा रंग तेवढा येतो. भिंगापुढचा काटकोनात फिरवा, चकाकी परत येते. दोन फोटोंच्या वजाबाकीत ती सुटी मिळते. नाक-ओठांच्या कडांसाठी मूळ नाशिकचे संशोधक रमेश रास्कर यांनी सहकाऱ्यांसह २००४ साली मांडलेली युक्ती आहे : भिंगाभोवती चार फ्लॅश एकेक करून उडवायचे आणि कडेलगत पडणाऱ्या सावल्या वाचायच्या. सावली ठिपका जुळण्याची वाट बघत नाही.

बोहाड्याचे मुखवटे टिपायला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे : पुडीचा डबा घरी ठेवा, दोन पोलरायझर बरोबर न्या, आणि सोंग घेणाऱ्या घराला विचारल्याशिवाय मुखवट्याला हात लावू नका.