मेणवलीचा वाडा

मेणवलीचा वाडा : पेशवाईतील प्रख्यात मुत्सद्दी नाना फडणीस (१७४२–१८००) यांचा इनाम गावातील वाडा. सातारा जिल्ह्याच्या वाई तालुक्यात, वाई शहरापासून सु. ३ किमी. अंतरावर, कृष्णा नदीच्या काठी तो वसला आहे. वाडा, त्यामागील घाट आणि घाटावरील दोन मंदिरे ही एकाच योजनेची अंगे असून त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू घराणे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे पेशवा बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर दिल्लीस गेले असता १७१९ मध्ये तेथे मारले गेले. फडणिशी या घराण्यात वंशपरंपरेने आली, तरी घाटावर त्याची अशी जमीन नव्हती. औंधचे भवानराव त्रिंबक प्रतिनिधी व साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी डिसेंबर १७६८ मध्ये मेणवली गाव नानांना दिले, तेव्हा ही उणीव भरून निघाली. पुढे सु. १७८० मध्ये वाडा उभा राहिला. जागेची निवड सहज झालेली नाही. वाई हे कृष्णाकाठचे तीर्थक्षेत्र, पेशव्यांचे सोयरे असलेल्या रास्ते घराण्याने घाट व मंदिरे बांधून शोभिवंत केलेले. तेथील ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ चे. साताऱ्याच्या छत्रपतींची गादीही येथून जवळ. राजकारण पुण्यात आणि घर कृष्णाकाठी, अशी ही विभागणी होती.

रस्त्याकडून पाहणाऱ्याला वाडा फारसे काही दाखवीत नाही. भक्कम, जवळजवळ कोऱ्या भिंती आणि दरवाजा, एवढेच बाहेरून दिसते. वास्तूचे खरे मुख आत, चौकांकडे आहे. वाड्यात एकूण सहा चौक असून प्रत्येकाभोवती दुमजली सोपे व दालने यांची मांडणी आहे. अशा वाड्यांच्या रूढ क्रमानुसार पुढील चौक कचेरीचा व येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, मधले कुटुंबाच्या वापराचे, तर मागील चौक स्वयंपाक, कोठार यांचे. जो जितका आप्त, तो तितके चौक ओलांडून आत जाई. खालचा भाग दगडी, त्यावर विटांचे बांधकाम, सागवानी खांब व तुळया, वर कौलारू उतरती छपरे ही रचना पुण्यातील वाड्यांप्रमाणेच आहे. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. भिंतीतून वर जाणारे जिने अरुंद असल्याने एका वेळी एकच माणूस चढू शकतो. ही योजना केवळ जागा वाचविण्यासाठी नव्हती, हे नानांच्या काळातील कारस्थाने पाहता सहज पटते. आतील भिंतींवर देवदेवता व पुराणप्रसंगांची चित्रे आहेत. वाईच्या मोतीबाग वाड्यातील चित्रांबरोबर ती पाहिली असता उत्तर पेशवाईतील भित्तिचित्रणाची कल्पना येते.

मागील दरवाजाने घाटावर उतरता येते. घाट अर्धवर्तुळाकार व प्रशस्त असून त्यावर मेणेश्वर महादेवाचे व विष्णूचे अशी दोन मंदिरे आहेत. महादेव मंदिराजवळ लहान दगडी बांधणीत एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाल येशूसह मेरीची आकृती आणि १७०७ हे साल कोरलेले आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हाती आल्या व देवस्थानांना वाटल्या गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर व पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर येथील घंटा अशाच आहेत. भीमाशंकर मंदिराच्या शिखराचे कामही नानांचेच. चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्याच्या बांधकामातही त्यांचा व हरिपंत फडके यांचा वाटा असल्याचे परंपरा सांगते.

समकालीन जगात या वाड्याला जोड शोधावयाची, तर अमेरिकेच्या व्हर्जिनियातील जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरील घराचा उल्लेख करता येईल. त्याचा दुसरा विस्तार १७७४ पासून सुरू झाला. वॉशिंग्टन नानांच्या मृत्यूपूर्वी तीनच महिने, डिसेंबर १७९९ मध्ये वारले. दोन्ही घरे नदीकाठची व शेतीच्या उत्पन्नावर उभी. मात्र तेथील उंच खांबांची ओसरी पोटोमॅक नदीकडे उघडते व दुरूनच मालकाचे वैभव सांगते. मेणवलीचे वैभव आत दडलेले आहे. आधारही भिन्न होते. तेथील शेती गुलामांच्या श्रमावर चाले आणि गुलाम ही मालकाची मालमत्ता असे. इनामदाराचा हक्क सरकारी साऱ्यावर असे. कसणारी कुणबी कुटुंबे त्याच्या मालकीची नसत. तथापि साऱ्याचा भार त्यांच्यावरच पडे, आणि वाड्याचा दगड न् दगड त्या भारातून आला, हे विसरून चालत नाही.

नानांना मेणवलीत निवांतपणा थोडाच लाभला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारल्यानंतरच्या गोंधळात पुणे सोडून ते सातारा, वाई व तेथून १७९६ मध्ये महाडकडे गेले. पुत्रसंतती नसल्याने त्यांच्या पश्चात पत्नी जिऊबाई यांनी दत्तक घेतला व वंश चालू राहिला. जिऊबाईंचे उत्तरायुष्य मेणवलीशी निगडित आहे.

इतिहाससंशोधकाच्या दृष्टीने वाड्यातील सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे मेणवली दप्तर. १८१८ नंतर पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पण फडणिसांकडील पत्रव्यवहार खाजगी राहिल्याने तो घराण्याजवळ टिकला. बारभाईंचे कारस्थान, इंग्रजांशी झालेले युद्ध, शिंदे-होळकरांशी असलेले संबंध यांचा उलगडा या कागदांवाचून अपुरा राहिला असता. दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी हे कागद मिळविले. त्यांचा संग्रह १९३९ मध्ये साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. पुण्यात शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, बुधवारवाडा १८७९ मध्ये भस्मसात झाला आणि नानांचा तेथील वाडा पुढे शाळेसाठी वापरला गेला. मेणवलीचे आडवळण वाड्याच्याही आणि कागदांच्याही पथ्यावर पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबई राज्यात १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामे रद्द झाली आणि अशा वाड्यांच्या देखभालीचा खर्च वंशजांवर येऊन पडला. लाकूड व मातीचा गिलावा यांना दर पावसाळ्यानंतर डागडुजी लागते. एक कौल सरकले, तरी खालची चित्रे ओल धरतात. मेणवलीचा वाडा खाजगी मालकीचा असून त्याचा काही भाग पाहता येतो. स्वदेस (२००४) या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण या परिसरात झाल्यापासून घाटावर येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांपैकी बरेचसे नदीकडूनच येतात आणि वाड्याचे मागचे दार तेवढे पाहून परततात.