गॅस फर्नेसचे डक्ट : परतीच्या वाटेवरील धोका

अमेरिका आणि कॅनडाच्या थंड प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी तळघरात किंवा एखाद्या लहान खोलीत गॅसवर चालणारी फर्नेस बसविलेली असते. टोरांटो, शिकागो किंवा न्यू जर्सीत स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांची पहिल्याच हिवाळ्यात तिच्याशी गाठ पडते. फर्नेसमधील ज्वाला हीट एक्स्चेंजर नावाचा धातूचा बंद कप्पा आतून तापविते. ब्लोअरने ढकललेली घरातील हवा त्या कप्प्याच्या बाहेरून वाहत गरम होते आणि पत्र्याच्या डक्टमधून खोल्यांत पोहोचते. ज्वलनातून निघणारे वायू मात्र स्वतंत्र धूरनळीने घराबाहेर जातात. हे दोन प्रवाह एकत्र येऊ न देणे, हा डक्टच्या जोडणीतील सुरक्षिततेचा पाया होय.

गरम हवा नेणाऱ्या डक्टला गळती असल्यास प्रामुख्याने उष्णता वाया जाते आणि बिल वाढते. खोल्यांतील हवा फर्नेसकडे परत आणणाऱ्या डक्टमधील गळती अधिक गंभीर असते, कारण ब्लोअर त्यातून सतत हवा ओढत असतो. फर्नेसच्या खोलीतच या डक्टचा सांधा उघडा राहिला, तर तेथील हवेचा दाब कमी होतो. मग शेजारच्या, नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या वॉटर हीटरचा धूर वर न जाता खोलीतच उतरतो आणि ब्लोअर तीच हवा शयनगृहांपर्यंत पोहोचवितो. ज्वलनास हवा अपुरी पडल्यास या धुरात कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. रंग व गंध नसलेला हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. भारतात बंद स्नानगृहातील गॅस गिझरमुळे होणाऱ्या मृत्यूंमागेही हाच वायू असतो.

म्हणूनच परतीच्या हवेचे तोंड उघड्या ज्वलनकक्षापासून साधारणतः किमान १० फूट दूर ठेवण्याचा नियम अमेरिकेतील आदर्श बांधकाम संहितांत आहे. गॅरेजमधून ही हवा घेण्यास मनाई आहे. फर्नेस बंदिस्त कप्प्यात असल्यास परतीचा डक्ट तिच्या आवरणाला हवाबंद जोडून त्याचे तोंड त्या कप्प्याबाहेर काढावे लागते.

गोल पत्र्याच्या सांध्यांना किमान तीन स्क्रू लावून त्यावर मॅस्टिक हा लेप किंवा प्रमाणित फॉइल टेप लावतात. ज्या कापडी चिकटपट्टीला ‘डक्ट टेप’ म्हटले जाते, ती मात्र या कामाला निरुपयोगी ठरते. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उष्णतेने तिचा चिकटपणा नाहीसा होऊन सांधे उघडे पडल्याचे आढळले. नाव डक्टचे असले तरी ती डक्टसाठी नव्हे.

डक्ट अरुंद असणे हाही दोषच. हवा पुरेशी वाहिली नाही की हीट एक्स्चेंजर प्रमाणाबाहेर तापतो; वारंवार असे घडल्यास त्याला तडा जाऊ शकतो. जुन्या घरांत डक्टभोवती ॲस्बेस्टॉसची पट्टी असू शकते. ती खरवडू नये, प्रशिक्षित व्यक्तीकडून काढून घ्यावी.

काम पूर्ण झाल्यावर दारे-खिडक्या बंद करून, स्वयंपाकघर व स्नानगृहाचे पंखे आणि फर्नेसचा ब्लोअर सुरू ठेवून वॉटर हीटर पेटवितात. पाच मिनिटांनी त्याच्या ड्राफ्ट हूडजवळ धुराची कांडी धरतात. धूर आत ओढला गेला तर ओढ योग्य आहे; बाहेर फेकला गेला तर दोष सापडेपर्यंत उपकरण बंद ठेवावे लागते. नव्या कंडेन्सिंग फर्नेस ज्वलनासाठी बाहेरची हवा थेट नळीने घेऊ शकतात. अशी जोडणी केल्यास हा धोका बराच घटतो. तरी भिंतीबाहेर निघालेली तिची नळी बर्फाने बुजत नाही ना, हे हिवाळाभर पाहावे लागते.

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात गॅस उपकरणाची जोडणी प्रमाणित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी लागते. त्याच प्रांतातील वुडस्टॉक येथे २००८ मध्ये एकाच कुटुंबातील चौघे कार्बन मोनॉक्साइडमुळे दगावले. त्यांच्या नावाने २०१३ मध्ये झालेल्या कायद्यान्वये इंधनावर चालणारी उपकरणे असलेल्या घरांत शयनकक्षांजवळ या वायूची सूचना देणारा अलार्म सक्तीचा झाला. तो वाजल्यास खिडकी उघडून वाट पाहू नये. सर्वांनी घराबाहेर पडून तेथूनच आपत्कालीन सेवेला कळवावे.