तीच का ही गाडी?



दोन महिने इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं (काळजीचं काही नाही, सगळं ठीक आहे) आणि नंतर नुसता आळस. पण गेल्या आठवड्यात कॉव्हेंट्रीच्या भाच्याने एक जाहिरात पाठवली आणि डोक्यात चक्र सुरू झालं.

जाहिरात होती एका जुन्या मोटारीची. एमजी टीसी, १९४८ सालची, दोन माणसांची, उघडी, लाल रंगाची. तारांची उंच चाकं, पुढे दोन मोठे गोल दिवे. या टीसी गाड्या १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० निघाल्या. महायुद्धानंतर इंग्लंडला डॉलरची निकड होती, म्हणून त्यातल्या बऱ्याचशा परदेशी गेल्या, अमेरिकेतही गेल्या. गंमत म्हणजे अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तरी कारखान्याने स्टिअरिंग शेवटपर्यंत उजवीकडेच ठेवलं. हौशी अमेरिकनांनी तशीच चालवली.

भाच्याला ती घ्यायची आहे. त्याने विचारलं, "मामा, तू इतिहासाचा मास्तर, तुला काय वाटतं?" आता मला गाडीतलं काय कळणार! मी आयुष्यात सायकलच्या वर गेलो नाही. पण जाहिरात वाचली. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे सगळं लिहिलं होतं. या गाडीच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो. तो कुजला होता म्हणून नवा केला. मागचे मडगार्ड नवे. गादी, टप, वायरिंग, चाकं नवी. इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधलेलं. रंग अर्थातच नवा. मी भाच्याला कळवलं, "अरे, मग यात १९४८ चं काय उरलं?" त्याचं उत्तर आलं, "चॅसीवरचा नंबर." आणि खाली एक हसरा चेहरा.

(एक मास्तरी शंका. जाहिरातीत गाडीला 'व्हिंटेज' म्हटलंय. इंग्लंडात १९३४ पासून व्हिंटेज गाड्यांचा एक क्लब आहे, त्याच्या हिशोबाने १९३० च्या अखेरीपर्यंत बांधलेली गाडीच व्हिंटेज. टीसी त्यात बसत नाही. पण विकणाऱ्याला कोण अडवणार?)

पुढे भाच्यानेच सांगितलं की हा प्रश्न एकदा लंडनच्या कोर्टात गेला होता, तोही खऱ्या व्हिंटेज गाडीवरून. मग मी जे सापडेल ते वाचत बसलो. ती हकीकत तुम्हाला सांगायचीच आहे.

वॉल्टर ओवेन बेंटली या इंजिनिअरने १९१९ मध्ये मोटारींची कंपनी काढली. गाड्या दणकट, जड आणि वेगवान. फ्रान्समध्ये ल मान्सला २४ तासांची शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी बेंटली जिंकली. पुढे १९२७ ते १९३० ओळीने चार वर्षं तीच. १९२९ मध्ये तर पहिले चारही नंबर बेंटलीचे. त्या वर्षी पहिली आलेली गाडी म्हणजे साडेसहा लिटर इंजिनची 'स्पीड सिक्स'. तिच्यावर आकडा होता १. चालवणारे वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. बार्नाटोचा बाप दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लेच्या हिऱ्यांवर गबर झालेला, आणि मुलाने तो पैसा बेंटली कंपनीत ओतला. १९३० मध्ये हीच गाडी पुन्हा पहिली आली, या वेळी बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किडस्टन. तेव्हापासून तिचं नावच पडलं 'ओल्ड नंबर वन'.

पण शर्यतीची गाडी म्हणजे काही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. प्रत्येक शर्यतीनंतर ती उघडायची, झिजलेलं, तडकलेलं काढून टाकायचं, नवं बसवायचं. पहिल्या विजयाच्या आणि दुसऱ्या विजयाच्या दिवशीही ती शब्दशः तीच गाडी नव्हती.

१९३१ मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स रॉइसने घेतली. गाडी मात्र धावतच होती. त्याच वर्षी तिने ब्रुकलँड्सची ५०० मैलांची शर्यत जिंकली. ब्रुकलँड्स म्हणजे लंडनजवळची १९०७ सालची काँक्रीटची धावपट्टी, वळणावर बाहेरची कड जवळजवळ ३० फूट उंच चढवलेली, विहिरीच्या आतल्या भिंतीवरून गाडी पळवावी तशी. १९३२ च्या शर्यतीसाठी गाडीत आठ लिटरचं इंजिन घातलं. जॅक आणि क्लाइव्ह डनफी हे दोघे भाऊ आळीपाळीने चालवणार होते. क्लाइव्हच्या हाती असताना गाडी त्या उंच कडेवरून पलीकडे गेली. क्लाइव्ह जागीच गेला. भावाच्या डोळ्यादेखत म्हणायचं. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

बार्नाटोने मोडकी गाडी भंगारात दिली नाही. पुन्हा बांधून घेतली, आता रस्त्यावर वापरायला, वेगळी बॉडी चढवून. मग मालक बदलत गेले आणि शेवटच्या मालकाने तिला जुन्या शर्यतीच्या रूपात परत आणून विकायला काढलं. १९९० मध्ये एका कंपनीशी सौदा ठरला, सुमारे एक कोटी पौंडांचा. आणि मग घेणारे मागे फिरले. म्हणाले, ही ओल्ड नंबर वन नव्हेच! (त्या सुमारास जुन्या गाड्यांचे चढलेले भाव उतरू लागले होते, हेही ध्यानात असू द्या. माझं मन संशयी आहे.)

विकणारा कोर्टात गेला. न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे सुनावणी झाली. जाणकारांनी गाडीचा स्क्रू न् स्क्रू तपासला होता. निष्कर्ष असा: १९२९ च्या गाडीतलं जवळजवळ काही उरलेलं नाही, असलाच तर एखादा किरकोळ भाग, ज्याचं वय सांगता येत नाही. १९३० च्या गाडीतला पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढंच असावं. बाकीचं बरंचसं, म्हणजे चॅसी, आस, मोठं इंजिन, हे १९३२ चं, अपघात झाला त्या गाडीचं.

झालं की मग! वर्गात एखाद्या पोराने एवढा पुरावा दिला असता तर मी म्हटलं असतं, बस खाली, नाहीच ती गाडी. पण न्यायमूर्तींनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ही गाडी 'मूळ' आहे असं म्हणता येणार नाही, पण 'अस्सल' आहे. तिचे भाग एकदम बदलले नाहीत. हळूहळू, गरजेप्रमाणे, धावता धावता बदलले. आलेला प्रत्येक नवा भाग आधीच्या गाडीत मुरला. मधे असा एकही दिवस नाही की जुनी गाडी संपली आणि दुसरी सुरू झाली. शिवाय 'मीच ओल्ड नंबर वन' असं म्हणू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. दोन वर्षं लागोपाठ जिंकल्याची गोष्टसुद्धा त्या गाडीचाच भाग धरली त्यांनी. लोखंडाइतकीच.

मला मिलिंद राजा आठवला. शाळेच्या पुस्तकात मिनँडर एका ओळीत संपायचा, पण मी मुलांना 'मिलिंदप्रश्ना'तला रथ हटकून सांगायचो. नागसेन भिक्षू राजाला विचारतो, रथातून आलास ना, मग रथ कुठला ते दाखव. आस म्हणजे रथ का? चाक? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की हे सगळं मिळून जे होतं त्याला रथ हे नाव आहे, इतकंच. दोन हजार वर्षांनी विलायतेच्या कोर्टात तोच रथ उभा! फक्त न्यायमूर्तींनी नाव 'इतकंच' मानलं नाही. त्या नावाला त्यांनी एक कोटी पौंडांचं वजन दिलं.

आता जरा घरचं. नातेवाईक मंडळींना कळेलच मी कुठे वळतोय.

चार वर्षांपूर्वी धाकट्याने वाईचं घर बांधून काढलं. मातीच्या भिंती ओलीने फुगल्या होत्या, वाशांना वाळवी होती. त्याने आधी मागची पडवी केली, दोन वर्षांनी माजघर, मग माडी. पैसे येतील तसं. आम्ही बाकीचे पुण्या-मुंबईत बसून फोनवर सल्ले देत होतो. वास्तुशांतीला मी गेलो आणि जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर म्हणालो, "छान झालंय, पण हे आता आपलं घर राहिलं नाही." त्याने काही उत्तर दिलं नाही. वाढत होता, वाढत राहिला. पण पुढे दिवाळीला ये म्हणून त्याचा फोन आला नाही, आणि मीही गेलो नाही.

निकाल वाचताना ते 'धावता धावता बदलले' तीनदा वाचलं. एक दिवससुद्धा त्या घरातली चूल थंड नव्हती. पडवी पाडली तेव्हा ते माजघरात राहिले, माजघर पाडलं तेव्हा पडवीत. आई शेवटपर्यंत त्याच घरात होती.

भाच्याला मी कळवलंय की गाडी बघायला जाशील तेव्हा रंगावर भाळू नकोस. कागद माग. १९४८ पासून कुणाकुणाच्या नावावर होती, कुठल्या साली काय बदललं, बिलं आहेत का, लाकडी सांगाडा काढला तेव्हाचे फोटो आहेत का. मधली वीस वर्षं कोरी निघाली तर किंमत पाड. तो म्हणतो, "मामा, तू तर दलाल झालास." रविवारी जाणार आहे बघायला.

आणि धाकट्याला आज सकाळी फोन केला. चार वर्षांचं काही बोललो नाही, एवढंच विचारलं की माडीचा जुना जिना काढला त्याचं काय केलं. म्हणाला, "दादा, फळ्या गेल्या सगळ्या, पण कठड्याचा खालचा खांब देवघराच्या दाराला लावलाय. तू पाहिलास की वास्तुशांतीला, त्यालाच टेकून बसला होतास."