डॅशकॅम : भारतातील कायदेशीर स्थिती

वाहनाच्या पुढच्या काचेमागे बसवलेला, समोरच्या रस्त्याचे सतत चित्रण करणारा छोटा कॅमेरा. भारतात खासगी गाडीत तो लावायला मनाई नाही, सक्तीही नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात त्याच्यासाठी वेगळे कलम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ (२०२१) मध्ये डॅशबोर्ड कॅमेऱ्याचा उल्लेख येतो, पण तो शासनाने वाहतूक अंमलबजावणीसाठी वापरायच्या उपकरणांत. त्यांना दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र लागते. नागरिकाच्या कॅमेऱ्याला ही अट नाही.

खरा प्रश्न पुराव्याचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवे. त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचे हॅश मूल्यही नोंदवावे लागते. फाइलमध्ये किंचितही फेरफार झाला की ते बदलते. जुन्या साक्ष्य कायद्यातील याच धर्तीच्या कलम ६५-ब चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात निश्चित केला. वाद जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा होता आणि मुद्दा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचा. प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य. मात्र मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर त्याची गरज नाही, असा तो निर्णय आहे.

म्हणून अपघातानंतर मूळ मेमरी कार्ड जपणे फार महत्त्वाचे. जागा संपली की कॅमेरा जुन्या चित्रणावर नवे चित्रण करतो. त्यामुळे कार्ड लगेच काढून ठेवावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, तो मूळ फाइलची जागा घेऊ शकत नाही. चित्रण गाडीमालकाच्या विरोधातही जाऊ शकते. पोलीस किंवा न्यायालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते मागवू शकतात आणि न्यायालयापुढे येऊ नये म्हणून ते नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

खासगीपणाबाबत कायदा अजून पुरेसा स्पष्ट नाही आणि ही उणीव गंभीर आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम व्यक्तीच्या वैयक्तिक किंवा घरगुती वापराला सूट देतो. प्रवाशांचे चित्रण करणाऱ्या टॅक्सी कंपनीला त्या सुटीचा आधार घेता येत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी या दोन बाजू वेगळ्या केल्या : विनाकारण अखंड चित्रण डेटा संरक्षण कायद्याचा भंग ठरते, तरीही अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात ते पुरावा म्हणून पाहता येते. असा थेट निवाडा भारतीय वाहनचालकांनाही हवा आहे.