चेरी कोळंबी : पाण्याचे तापमान आणि टाकीची मांडणी

चेरी कोळंबी (शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी) ही तैवान व चीनमधील ओढ्यातळ्यांतली, दोन ते तीन सेंटिमीटर लांबीची गोड्या पाण्यातील कोळंबी. निसर्गात ती मळकट, जवळजवळ पारदर्शक असते; लाल, पिवळे, निळे प्रकार निवडक पैदाशीतून आले आहेत. मादी वीस-तीस अंडी पोटाखालच्या पायांत तीन-चार आठवडे बाळगते आणि त्यांतून थेट चिमुकल्या कोळंब्या बाहेर पडतात. जपानी अमानो कोळंबीच्या अळ्यांना मचूळ पाणी लागते, तसे हिचे नसल्यामुळे ती घरच्या टाकीत सहज वाढते. तिच्यासाठी २२ ते २४° से. तापमान सुचवले जाते. हा आकडा बरोबर आहे, मात्र तो एकटा वाचला की फसवतो. कोळंबी किती उष्णता सोसेल हे बऱ्याच अंशी टाकी कशी मांडली आहे यावर ठरते, आणि उन्हाळ्यातल्या पुष्कळशा मृत्यूंचे कारण तापमापकात सापडत नाही, ते टाकीच्या तळाशी सापडते.

पाणी २०° वरून ३०° वर गेले, तर त्यात विरघळू शकणारा ऑक्सिजन लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅमवरून ७.५ मिलिग्रॅमवर येतो, म्हणजे जेमतेम सहाव्या हिश्श्याने घटतो. शीतरक्ताच्या प्राण्यांची ऑक्सिजनची गरज मात्र तेवढ्याच वाढीत साधारण दुप्पट होते. तरीही ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन कोळंबीला पुरेसा आहे. अडचण येते ती तो प्रत्यक्षात तेवढा उरत नाही म्हणून. उरलेले खाद्य, कुजलेली पाने, वाळूत साठलेला गाळ यांवर जगणारे जिवाणूही उष्णतेने चेकाळतात, आणि रात्री वनस्पती ऑक्सिजन देण्याऐवजी घेऊ लागतात. पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. अमोनियाचे गणितही असेच आहे. सामू ८ असलेल्या पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी, मुक्त अमोनियाचा वाटा २०° ला सुमारे ४ टक्के असतो, ३०° ला तो साडेसात टक्क्यांवर जातो. स्वच्छ टाकीत या दुपटीने काही बिघडत नाही. जास्त खाद्य घातलेल्या टाकीत तीच जीव घेते.

म्हणून मांडणीत पहिले महत्त्व पाण्याच्या पृष्ठभागाला द्यावे. उंच, अरुंद टाकीपेक्षा पसरट टाकी बरी, कारण हवा आणि पाणी पृष्ठभागावरच भेटतात. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पाणी हलते ठेवतो, पिल्ले आत ओढत नाही आणि त्याच्या स्पंजावर चरायला जिवाणूंचा थरही देतो. आठ-दहा लिटरची टाकी स्वस्त पडते, पण दुपारी तापते आणि रात्री भराभर निवते. ३० ते ४० लिटर पाणी हे चढउतार बरेच मंद करते. वाळूचा थर पातळ हवा आणि जावा मॉस भरपूर. टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे थांबावे. तोवर अमोनियाचे नायट्राइट व त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावतात. ही घाई फार जणांना भोवते.

कोळंबी उष्ण प्रदेशातली, तिला ऊब मानवते आणि अंडीही लवकर फुटतात, असा एक आक्षेप असतो. अंडी लवकर फुटतात हे खरे; पण उबेत सगळीच जीवनक्रिया वेग घेते, कात लवकर लवकर टाकावी लागते आणि आधीच वर्ष-दोन वर्षांचे आयुष्य आणखी आखडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या मातानो सरोवरात कॅरिडिना डेन्नेर्ली ही कोळंबी २७ ते ३०° तापमानात सुखाने राहते. ही वेगळी जाती त्या उष्णतेला सरावलेली आहे, हे धरूनही तिचे उदाहरण वरील मुद्द्याला बळच देते. मातानो हे अतिशय खोल, नितळ आणि पोषकद्रव्यांनी गरीब असे सरोवर आहे. तिथे ऑक्सिजन खाणारा गाळच थोडा. उलट टोकाला क्रिस्टल रेड कोळंबी आहे. तिला २० ते २३° तापमान आणि मऊ, आम्लधर्मी पाणी लागते, त्यामुळे चेरीच्या टाकीत तिला ठेवू नये.

महाराष्ट्रात हीटरची गरज क्वचितच पडते. नाशिककडच्या थंडीत प्रजनन थांबते, पण चेरी कोळंबी जगते. खरी कसोटी एप्रिल-मेची. बर्फाची बाटली सोडून पाणी एकदम थंड करणे घातक ठरते, कारण अचानक बदलाने अवेळी कात पडू शकते. पृष्ठभागावर छोटा पंखा लावणे अधिक शहाणपणाचे. बाहेरून उष्णता आली नाही असे धरले, तर टाकीतले एक टक्का पाणी वाफ होऊन गेल्याने उरलेले सुमारे ६° नी निवते. प्रत्यक्षात फरक दोन-तीन अंशांचा पडतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. कोकणच्या दमट हवेत तो तोकडा पडतो, तिथे खाद्य कमी करणे आणि हवा वाढवणे हाच आधार. वाफ होताना क्षार मागेच राहतात, त्यामुळे घटलेली पातळी आरओच्या पाण्याने भरावी. बोअरवेलचे जड पाणी दर आठवड्याला ओतत राहिले तर क्षार वाढत जातात आणि कात सुटताना कोळंबी अडकते.