नाव एकच, घरं दोन : जावा सर्व्हरवरची वाटणी

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं होतं : 'अमुक क्लास अमुक क्लासमध्ये बसत नाही' असा एरर येतो आणि दोन्ही नावं अक्षर न् अक्षर तीच असतात, हे कसं? आज त्याचंच उत्तर देतो, पण जरा मागे जाऊन.

जावामध्ये क्लास मेमरीत आणण्याचं काम क्लासलोडर करतो. सुरुवातीच्या जावात एक पडताळणी फक्त नावावर चाले. नाव जुळलं की क्लास तोच, असं धरलं जाई. १९९७ मध्ये एटी अँड टी रिसर्चमधल्या विजय सारस्वत यांनी दाखवून दिलं, की दोन लोडरांकडून एकाच नावाचे दोन वेगळे क्लास आणले तर जावाला फसवता येतं. त्यांच्या टिपणाचं शीर्षकच होतं, 'जावा टाइप-सेफ नाही'! १९९८ मध्ये शेंग लियांग आणि गिलाड ब्राचा यांनी त्यावरचा उपाय मांडला. क्लासची ओळख म्हणजे नाव अधिक लोडर, हे धरून दोन लोडरांमध्ये नावांचा मेळ तपासायचा. गावात एकाच नावाचे दोघे असले तर आपण विचारतोच ना, कुठल्या घरातला? तसंच.

आता सर्व्हरकडे वळू. एका सर्व्हरवर चार अ‍ॅप्लिकेशनं. एकाला एक्सएमएल पार्सर जुना हवा, दुसऱ्याला नवा. दोन्ही जार सामायिक फोल्डरमध्ये टाकल्या तर जी आधी सापडेल ती सगळ्यांच्या वाट्याला येते. दुसरं अ‍ॅप्लिकेशन सुरू होतं, चालतंही, आणि नवी मेथड लागणाऱ्या ओळीवर आलं की कोसळतं. म्हणजे नेमकं ग्राहकासमोर.

मग जार अ‍ॅप्लिकेशनच्या स्वतःच्या वेब-इन्फ फोल्डरमध्ये ठेवली की झालं? नाही ना! जावा १.२ पासूनचा शिरस्ता असा, की लोडरनं आधी वडील लोडरला विचारायचं. जावाचा मूळ स्ट्रिंग क्लास कुणी बदलू नये म्हणून हा नियम योग्यच आहे. पण वडिलांकडे जुना पार्सर असला की घरातला नवा तसाच पडून राहतो. म्हणून २००१ च्या सर्व्हलेट २.३ नं शिफारस केली, की सर्व्हरच्या सामायिक जारपेक्षा अ‍ॅप्लिकेशनची स्वतःची जार आधी बघावी. टॉमकॅटनं ते केलं. वेबस्फिअरमध्ये मात्र 'वडील आधी' हाच मूळ पर्याय राहिला, उलटं हवं असेल तर सेटिंग बदलायचं. माझ्या मते यातच बऱ्याच जणांच्या रात्री गेल्या.

वेगळं राहण्याची किंमतही होती. अ‍ॅप्लिकेशन पुन्हा चढवलं आणि एखाद्या थ्रेडनं जुन्या लोडरमधली एकच वस्तू धरून ठेवली, तर तो लोडर आपल्या सगळ्या क्लासांसकट मेमरीत अडकतो. चार-पाच वेळा असं झालं की सर्व्हर रीस्टार्ट.

तर, त्या प्रश्नाचं उत्तर. दोन लोडरांनी तोच क्लास दोनदा आणलेला असतो. २०१८ च्या जावा ११ पासून त्या एररमध्ये दोन्ही लोडरही छापले जातात. नावं सोडा, आधी तेवढं वाचा.